जागतिक आरोग्य संघटना कुणाचं ऐकते, आणि तिचं कोण ऐकतं?

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडले, मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. पुढच्या महिन्यात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहराबाहेर पडली. मृत्यू साठच्या आतच राहिले. पण तोवर अनेक देशांनी भारतातून येणारी विमानं थांबवली होती, आखातातल्या काही देशांनी भारतीय माल नाकारला होता, पर्यटकांनी तिकिटं रद्द केली होती. प्रवासावर बंदी घालायची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. कुणी ऐकलं नाही.

तेव्हा संघटनेची १९६९ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली लागू होती. प्लेगचा रुग्ण सापडला तर कळवणं देशाला बंधनकारक होतं. इतर देशांनी जास्तीत जास्त किती निर्बंध घालायचे, याची मर्यादाही त्यात लिहिलेली होती. ती मर्यादा ओलांडणाऱ्याचं संघटना काहीही वाकडं करू शकत नव्हती. थोडक्यात, कळवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं आणि लपवणाऱ्याचं झालंच तर नंतर. जगभरच्या आरोग्य मंत्रालयांनी त्यातून काय धडा घेतला असेल, ते वेगळं सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे. अशी संघटना जगाचं सरकार नसते आणि बड्या देशांच्या हातातलं नुसतं बाहुलंही नसते. आपल्या ओळखीची तुलना हवी असेल तर सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या मॅनेजरकडे बघा. त्याचा पगार सभासदांच्या मेन्टेनन्समधून निघतो. नियम मोडले म्हणून नोटीस काढायची तीही त्याच सभासदांना. आणि त्याला ठेवायचं की काढायचं, हे सर्वसाधारण सभेत तेच सभासद ठरवणार. तरीही कामसू मॅनेजर इमारत चालवून दाखवतो, कारण टाकी कधी धुतली, कुणाची गळती कुणाच्या छतात उतरते, हे सगळं त्याच्या वहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेचे १९० हून अधिक देश सभासद आहेत आणि तिची खरी ताकद अशा वहीतच आहे.

आधी पैशांचं बघू

संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली. जागतिक आरोग्य दिन त्याच तारखेला असतो. खर्चाचा हिशेब दोन-दोन वर्षांचा मांडला जातो आणि पैसे दोन वाटांनी येतात.

पहिली वाट ठरलेल्या वर्गणीची. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न आणि लोकसंख्या पाहून हिस्सा ठरतो. कमाल मर्यादा २२ टक्के होती आणि अमेरिका तेवढा हिस्सा देणं लागत होती. हा पैसा संघटनेला गरजेप्रमाणे वापरता येतो. दुसरी वाट ऐच्छिक निधीची. तो सरकारं देतात, गेट्स फाउंडेशनसारख्या संस्था देतात, पण बहुतेक वेळा कामाचं नाव लिहून देतात : पोलिओसाठी, अमुक लसीसाठी, तमुक देशासाठी. सोसायटीतल्या एका श्रीमंत सभासदानं मोठा चेक द्यावा आणि त्यावर ‘फक्त लिफ्टसाठी’ असं लिहावं, तसं. लिफ्ट नवी होते, ड्रेनेजची लाइन मात्र तशीच तुंबलेली राहते.

सुरुवातीच्या काळात संघटना मुख्यतः वर्गणीवर चालायची. १९८० च्या दशकात मोठ्या वर्गणीदारांनी ती गोठवली. महागाई वजा जाता वाढ शून्य, असं धोरणच आलं. काम वाढत गेलं आणि वाढीव खर्च ऐच्छिक निधीतून भागवावा लागला. २०२०-२१ पर्यंत वर्गणीचा वाटा एकूण निधीच्या सुमारे १६ टक्क्यांवर आला होता.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. पोलिओसाठी पैसा येत राहिला म्हणून पोलिओचं जाळं मजबूत झालं. साथींवर रोज नजर ठेवण्याचं काम कंटाळवाणं, त्याच्यासमोर फीत कापायला कुणी येत नाही, त्यामुळे त्यासाठी देणगीदारही मिळत नाही. आर्थिक मंदीनंतर संघटनेला कात्री लावावी लागली तेव्हा साथ आणि आपत्तीच्या कामाची २०१४-१५ ची तरतूद आधीच्या दोन वर्षांच्या जवळपास निम्म्यावर आणली गेली. त्याच २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. संघटना कमी पडली हे खरं आहे. पण ती कमी पडावी अशीच तिची अंदाजपत्रकं सभासद देशांनी वर्षानुवर्षं मंजूर केली होती, ही गोष्ट तिच्यावरच्या टीकेत क्वचितच येते.

कोविडनंतर, २०२२ मध्ये सभासदांनी ठरवलं की २०३०-३१ पर्यंत वर्गणी मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायची. त्यानुसार २०२३ मध्ये २० टक्के आणि २०२५ मध्ये पुन्हा २० टक्के वाढ मंजूर झाली. ऐकायला रुक्ष वाटेल, पण अनेक वर्षांतली ही सगळ्यात महत्त्वाची सुधारणा आहे असं आम्हाला वाटतं. ज्या पैशावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, त्याच पैशातून नावडतं पण गरजेचं काम होतं.

नकाशातही राजकारण आहे

जिनिव्हाच्या मुख्यालयाखाली सहा प्रादेशिक विभाग आहेत. आग्नेय आशिया विभागाचं कार्यालय दिल्लीत आहे. पण या विभागाच्या यादीत पाकिस्तान शोधाल तर सापडणार नाही. तो पूर्व भूमध्य विभागात आहे. उत्तर कोरिया दिल्लीच्या विभागात, दक्षिण कोरिया पश्चिम पॅसिफिकमध्ये. इस्राएल युरोपात. २०२५ मध्ये इंडोनेशियानं दिल्लीचा विभाग सोडून पश्चिम पॅसिफिक जवळ केला. डास असा नकाशा पाहून उडत नाही, पण कुणाशेजारी बसायचं हे देश ठरवतात. प्रत्येक विभागाचा संचालकही त्या विभागातले देशच मतदानानं निवडतात, त्यामुळे जिनिव्हाच्या महासंचालकाचा त्याच्यावरचा ताबा मर्यादित राहतो. तैवानला २००९ ते २०१६ या काळात ‘चिनी तैपेई’ या नावानं वार्षिक सभेत निरीक्षक म्हणून बसता आलं. २०१७ पासून निमंत्रण बंद झालं. मधल्या काळात तैवानच्या आरोग्यव्यवस्थेत काही बिघडलं नव्हतं. तिथलं सरकार बदललं होतं.

सार्सनं काय बदललं

नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात न्यूमोनियासारखा एक नवा आजार, सार्स, सुरू झाला. चीननं बराच काळ पुरेशी माहिती दिली नाही. नियमावलीप्रमाणे संघटनेनं सरकारी पत्राची वाट पाहायला हवी होती आणि हा आजार तर नियमावलीच्या यादीतही नव्हता. तेव्हाच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलांड आधी नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या. मंत्र्यांशी कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १२ मार्च २००३ ला संघटनेनं जगाला इशारा दिला. २ एप्रिलला हाँगकाँग आणि ग्वांगडोंगचा, तर २३ एप्रिलला टोरांटोचाही प्रवास पुढे ढकला, असा सल्ला दिला. कॅनडा प्रचंड चिडला आणि आठवड्याभरात टोरांटोचं नाव काढलं गेलं. साथ मात्र सुमारे ८,१०० रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर आटोक्यात आली.

सभासद देशांनी यातून दोन गोष्टी उचलल्या. संघटनेला अधिकार हवेत, ही एक. आणि पुढच्या वेळी टोरांटोच्या जागी आपलं शहर असू शकतं, ही दुसरी. २००५ मध्ये मंजूर झालेली आणि १५ जून २००७ पासून लागू झालेली नवी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली याच दोन विचारांच्या ओढाताणीतून तयार झाली. तिचं काम असं चालतं :

संशयास्पद आजाराची खबर जिल्ह्यातून राज्याकडे आणि तिथून दिल्लीला जाते. आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा हे करते. अनोळखी विषाणूचा संशय असेल तर नमुना बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत येतो. केंद्रानं ४८ तासांत चार प्रश्नांची उत्तरं काढायची. आजाराचा परिणाम गंभीर आहे का? घटना नेहमीपेक्षा वेगळी किंवा अनपेक्षित आहे का? सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का? त्यामुळे प्रवासावर वा व्यापारावर बंधनं येण्याचा मोठा धोका आहे का? यातल्या कोणत्याही दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आलं, तर २४ तासांच्या आत संघटनेला कळवावंच लागतं. प्रत्येक देशात यासाठी एक ठरावीक संपर्क केंद्र असतं. आपलं दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात आहे.

खरा बदल पुढे आहे. आता संघटना वर्तमानपत्रातली बातमी, डॉक्टरांचे निरोप, इंटरनेटवरची कुजबुज हेही विचारात घेऊन त्या देशाला विचारू शकते, ‘हे खरं आहे का?’ आणि देशानं २४ तासांत प्राथमिक उत्तर द्यायचं असतं. मदत नाकारली आणि धोका मोठा असला, तर संघटना इतर देशांना ती माहिती देऊ शकते. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती सल्ला देते, पण आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करायची की नाही हे महासंचालक ठरवतात.

देशांनी राखून ठेवलेल्या जागाही ध्यानात घ्या. ज्या देशात साथ आहे, त्याला समितीसमोर आपली बाजू मांडता येते. संघटनेच्या शिफारशी तात्पुरत्या असतात आणि बंधनकारक नसतात. न कळवणाऱ्याला दंड नाही. जास्तीचे निर्बंध घालणाऱ्यानं शास्त्रीय कारण द्यायचं, एवढंच. मामला आणि सुरतच्या वेळचं दुखणं त्यामुळे अर्धंच बरं झालं.

एकदा लवकर, एकदा उशिरा

नव्या नियमावलीची पहिली कसोटी २००९ च्या स्वाइन फ्लूनं घेतली. २५ एप्रिलला आणीबाणी आणि ११ जूनला महासाथ जाहीर झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांत मास्क मिळेनासे झाले. पण एकंदर आजार भीतीपेक्षा सौम्य निघाला. श्रीमंत देशांकडे लसींचे साठे पडून राहिले आणि औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी बागुलबुवा उभा केल्याचा आरोप युरोपात संघटनेवर झाला.

पाचच वर्षांनी इबोलाच्या वेळी तीच संघटना थांबून राहिली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही वैद्यकीय मदत संस्था जूनमध्ये साथ हाताबाहेर गेल्याचं सांगत होती. आणीबाणी ८ ऑगस्ट २०१४ ला जाहीर झाली. आधी घाई केल्याबद्दल मार, मग उशिराबद्दल मार. त्यातून २०१६ मध्ये स्वतंत्र आपत्कालीन विभाग उभा राहिला. संकटाच्या पहिल्या दिवसांत लागणारा राखीव निधीही तयार झाला. संघटनेत सुधारणा बहुतेक वेळा अशाच येतात. मागच्या वेळी जिथे लागलं तिथे पट्टी बसते. पुढचा घाव दुसरीकडे बसतो.

तो बसला ३१ डिसेंबर २०१९ नंतर. वुहानच्या स्थानिक प्रशासनाचं निवेदन संघटनेच्या चीनमधल्या कार्यालयानं त्या दिवशी पाहिलं, १ जानेवारीला विचारणा केली आणि उत्तर ३ जानेवारीला आलं. २२ आणि २३ जानेवारीच्या बैठकीत तज्ज्ञ समितीची मतं विभागली गेली. नियमावलीत दोनच उत्तरं होती, आणीबाणी आहे किंवा नाही. मधली ‘सावध व्हा’ अशी पायरीच नव्हती. २८ जानेवारीला महासंचालक टेड्रोस बीजिंगला जाऊन राष्ट्राध्यक्षांना भेटले, ३० तारखेला आणीबाणी जाहीर झाली आणि त्याच वेळी चीनच्या पारदर्शकतेचं कौतुकही झालं.

त्या कौतुकावर जगभर संताप झाला. पुढे बाहेर आलेल्या ध्वनिमुद्रणांतून दिसलं की त्याच दिवसांत आतल्या बैठकांत अधिकारी पुरेशी माहिती मिळत नसल्याची तक्रार करत होते. हे का होतं, ते समजून घ्यायला हवं. संघटनेला झडतीचं वॉरंट काढता येत नाही. तिचं पथक देशात जायचं तर व्हिसा तोच देश देणार, विषाणूचे नमुने तोच देश देणार. उघड टीका केली तर दार बंद होण्याची भीती, गोड बोललं तर अब्रू जाण्याची भीती. त्या वेळी गोड बोलण्याची मात्रा फार जास्त झाली, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण महासंचालकाच्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तरी दार उघडायची किल्ली चीनकडेच राहिली असती.

२०२४ मध्ये नियमावलीत दुरुस्ती होऊन नेहमीच्या आणीबाणीच्या वर ‘महासाथीची आणीबाणी’ ही पायरी जोडली गेली. ती १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. पायरी वर जोडली गेली आहे, खाली नाही. जानेवारी २०२० मध्ये हवी होती ती खालची.

मग संघटनेचं चालतं कुठे?

आणीबाणीच्या मथळ्यांपेक्षा शांतपणे चाललेल्या कामांत तिचा प्रभाव जास्त आहे. १९७७ मध्ये तिनं अत्यावश्यक औषधांची यादी काढली. कोणत्याही देशावर ती बंधनकारक नव्हती, पण देशांनी आपापल्या याद्या तिच्यावरून बेतल्या. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या जाहिरातींविरुद्धची संहिता १९८१ मध्ये ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर झाली. विरोधातलं एक मत अमेरिकेचं होतं. भारतानं त्यावर १९९२ मध्ये कायदा केला. बाळाच्या दुधाच्या डब्यावर ‘आईचं दूध सर्वोत्तम’ अशा अर्थाची ठळक सूचना असते, तिचं मूळ त्या संहितेत आहे. तंबाखू नियंत्रणाचा करार २००३ मधला. त्याची छाया सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रात रोज दिसते.

सगळ्यात जवळचं उदाहरण कोव्हॅक्सिनचं. २०२१ मध्ये परदेशी शिकायला निघालेल्या कितीतरी मुलांच्या हातात कोव्हॅक्सिनचं प्रमाणपत्र होतं आणि अनेक देश ते मानत नव्हते, कारण लस संघटनेच्या आपत्कालीन वापराच्या यादीत नव्हती. ही यादी म्हणजे कायदा नव्हे. पण प्रत्येक देशाला प्रत्येक लस स्वतः तपासणं परवडत नाही, म्हणून विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती प्रमाण वाटते. ३ नोव्हेंबर २०२१ ला लस यादीत आली. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या पाहणीत उत्पादनपद्धतीतल्या त्रुटी आढळल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा तिचा पुरवठा थांबवला गेला. सोसायटीच्या मॅनेजरची वही अशी उपयोगी पडते.

आकड्यांच्या बाबतीत हीच वही टोचतेही. मे २०२२ मध्ये संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे ४७ लाख भारतातले. भारताचा अधिकृत कोविड मृत्यूंचा आकडा तोवर पाच लाखांच्या आसपास होता. सरकारनं गणिती पद्धतीवर कडक आक्षेप घेतला. संघटनेनं तो नोंदवला आणि आकडा तरीही छापला. जादा मृत्यू म्हणजे कोविडनं झालेले, उपचार न मिळाल्यानं झालेले असे सगळे मिळून नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू, हे मात्र वाद घालताना विसरू नये.

दाब फक्त बडे देशच आणतात असंही नाही. २००७ च्या सुमारास इंडोनेशियानं बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणं थांबवलं. त्यांचा सवाल साधा होता : नमुने आम्ही द्यायचे, त्यातून लस परदेशी कंपनी करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसं? या हट्टातून २०११ मध्ये फ्लूच्या नमुन्यांच्या बदल्यात लस आणि निधीचा वाटा देणारी चौकट तयार झाली. कोविडमध्ये त्याच प्रश्नानं पुन्हा डोकं वर काढलं. गरीब देशांना लस पुरवण्याची कोव्हॅक्स योजना पुण्यात बनणाऱ्या लसीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. २०२१ च्या वसंतात आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि आफ्रिकेतली लसीकरण केंद्रं खोळंबली. २० मे २०२५ ला मंजूर झालेल्या महासाथ करारात म्हणूनच लिहिलं आहे की सहभागी उत्पादकांनी साथीच्या काळात २० टक्के उत्पादन संघटनेमार्फत वाटपासाठी ठेवावं, त्यातलं निदान निम्मं मोफत. मतदान १२४ विरुद्ध शून्य, ११ तटस्थ. नमुने आणि लाभांच्या देवाणघेवाणीचे बारकावे मात्र वेगळ्या परिशिष्टावर सोपवले गेले, कारण खरी भांडणं तिथेच आहेत.

सभासद उठून गेला तर

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं बाहेर पडण्याचा आदेश काढला. संघटनेच्या घटनेत बाहेर पडण्याचं कलमच नाही, पण १९४८ मध्ये सामील होतानाच अमेरिकेनं एक वर्षाच्या सूचनेनं निघण्याचा हक्क राखून ठेवला होता. जानेवारी २०२६ मध्ये ती मुदत संपली. २०२६-२७ चं ५.३ अब्ज डॉलरचं प्रस्तावित अंदाजपत्रक आधीच ४.२ अब्जांवर आणावं लागलं होतं आणि जिनिव्हातले विभाग, पदं, माणसं कमी झाली.

असा रिकामा झालेला कोपरा संघटनेनं पूर्वी एकदा पाहिला आहे. १९४९ मध्ये सोव्हिएत संघ आणि त्याचे मित्रदेश निघून गेले. घटनेत कलम नाही म्हणून संघटनेनं त्यांना बाहेर पडलेले मानलंच नाही. ‘निष्क्रिय सभासद’ अशी नोंद केली आणि खुर्ची ठेवली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते परतले, तेव्हा थकबाकीचा नाममात्र हिस्सा घेऊन प्रश्न मिटवला गेला. १९५८ च्या मिनियापोलिसच्या सभेत सोव्हिएत उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी जगातून देवी हटवण्याचा ठराव मांडला आणि लसींचे कोट्यवधी डोस देऊ केले. १९६६ मध्ये त्या मोहिमेचा वाढीव निधी सभेत जेमतेम दोन मतांनी पास झाला. अमेरिकी डॉक्टर डोनाल्ड हेंडरसन मोहिमेचे प्रमुख झाले. मे १९७५ मध्ये भारतातला आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला.